सुपडूनानाचा काठ

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला पांझरेचा जो उजवा काठ आहे, त्याला अलीकडे लोक 'नानाचा काठ' म्हणू लागले आहेत. काठ पांझरेचा आहे. त्यावरून जाणारा पाट आमच्या पणज्यांच्याही आधीचा आहे. त्या काठावर काय लावावे, हे मी सांगितलेले आहे. तरीही काठ नानाचा. परवा पंचायतीने तेथे लोखंडी फलक उभा केला, तेव्हा त्यावरचा मजकूर तपासण्यासाठी माझ्याकडेच आणला होता. मी दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले. नाव तसेच राहू दिले.

फड ज्यांना ठाऊक नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. पांझरेवर जागोजागी जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यापासून पाट निघतो, काही अंतर नदीच्या काठाकाठाने चालतो आणि मग शेतांकडे वळतो. पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले असतात. त्या एकेका तुकड्याला फड म्हणतात. एका फडात एका वर्षी सगळ्यांचे पीक एकच. प्रत्येकाची पट्टी प्रत्येक फडात. पाणी ठरलेल्या क्रमाने एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ज्याची त्याची पाळी ती त्याची बारी. पाणी कमी असेल त्या वर्षी गाव एकत्र बसून एखादा फड कोरडा ठेवते. मग सगळ्यांचेच थोडे थोडे बुडते. एकट्याचे बुडत नाही. आमच्या घराच्या पट्ट्या पाटाच्या तोंडाशी आहेत. म्हणून प्रत्येक फेऱ्यात पहिली बारी आमची. वडिलांच्या काळी पहिल्या पाण्याला नारळ फोडण्याचा मानही त्यामुळे आमच्या घराकडे होता. पुढे तो माझ्याकडे आला.

मी नोकरीची सगळी वर्षे कालव्यांच्या कामात घालवली. निवृत्त होऊन गावी परतलो, तेव्हा काठ पाहून मी चरकलो. पाट आणि नदी यांच्यामधून माझ्या लहानपणी बैलगाडी जात असे. आता एका माणसाला पावलापुढे पाऊल टाकून चालावे लागत होते. पावसाचे वळण बदलले होते. महिनाभर रिपरिपणारा पाऊस आता दोन दिवसांत कोसळून जाई, मग आभाळ पुन्हा कोरडे. नदी एकदम भरे आणि तितकीच एकदम ओसरे. त्यात पात्रातील रेती उपसली गेल्याने काठाचा पायाच मोकळा झाला होता. काठ गेला की पाट जाणार होता. पाट गेला की फड संपले, आणि मग ज्याच्याकडे खोल कूपनलिका तोच शेतकरी, बाकीचे त्याचे मजूर. हे मी गावाला समजावून सांगितले. दगडी बांधकामाचा नकाशा काढला. पाणीवाटपाच्या समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे होते. प्रस्ताव वर गेला. वरून उत्तर यायचे होते.

त्याच सुमारास सुपडूनाना निवृत्त होऊन आला.

तो माझ्या वर्गातला. मी पहिल्या बाकावर बसत असे, तो दाराशी. पुढे तो एसटीत कंडक्टर झाला. धुळे, साक्री, पिंपळनेर, पुन्हा धुळे, असे त्याचे सगळे आयुष्य एकाच रस्त्यावर गेले. बुटका, रुंद, मान जवळजवळ नाहीच. निवृत्तीनंतरही खाकी पँट त्याने सोडली नाही. वर पांढरा सदरा घाली, एवढाच फरक. आवाज मात्र असा की तो देवळाच्या ओट्यावर खोकला तर नदीपलीकडे म्हशी मान वर करीत. माणसांची नावे त्याच्या लक्षात राहत नसत. थांबे राहत. कोणीही समोर आले की म्हणे, "तू नेरना ना? तुनी माय कुसुंबाले उतरे. डोकावर टोपली, तिकीटले कटकट." आणि ते खरे निघे. समोरचा माणूस विरघळून जाई. मला त्या तालुक्यातील प्रत्येक चारीची, म्हणजे पाटाच्या फाट्याची, लांबी ठाऊक होती. त्यामुळे कोणी विरघळल्याचे स्मरत नाही.

गाव त्याला पहिल्याच आठवड्यात नाना म्हणू लागले. मला गाव साहेब म्हणते.

त्याला एकट्याने काही करता येत नसे. दुकानातून तंबाखू आणायची तरी वाटेत चार जण गोळा करी. माणसे जमवण्याची त्याची एक ठरलेली रीत होती आणि ती शुद्ध खोटेपणाची होती. घराच्या दारात उभा राहून तो ओरडे, "चाल, बठ्ठा उनात, तूच ऱ्हायनास!" म्हणजे सगळे आले, तूच राहिलास. हेच तो पुढच्या घरी सांगे, त्याच्या पुढच्याही. मी एकदा त्याच्या मागोमाग चाललो होतो. पहिल्याच घरी त्याने हेच सांगितले, तेव्हा त्याच्यासोबत माझ्याशिवाय कोणीही नव्हते. मी म्हणालो, "सुपडू, हे खोटे आहे."

"आते शे," तो म्हणाला. "पाच मिनिटमा खरं व्हई."

तसे ते झालेही. लोकांना तो खोटे बोलतो हे ठाऊक होते. ठाऊक असून ते चपला पायात सरकवीत बाहेर येत. हा प्रकार मला कधीच समजला नाही.

काठाकडे त्याचे लक्ष माझ्यामुळे गेले, हे नोंदवून ठेवतो. माझा नकाशा पाहून तो म्हणाला, "इंजिनेर, तुना कागद कव्हय ई?"

"येईल तेव्हा येईल."

"मंग नदी काय तुनी वाट देखी ऱ्हायनी का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रेतीच्या ट्रॅक्टरवर चढून बसला. ट्रॅक्टर त्याच्या सख्ख्या पुतण्याचा, संजूचा. संजूला वाटले, काकाला साक्रीला जायचे असेल. साक्रीला पोहोचल्यावर नाना उतरला नाही. ट्रॉली एका नव्या बांधकामावर रिकामी झाली, तोवर तो बोनेटला टेकून बघत उभा राहिला आणि त्याच ट्रॅक्टरने परत आला. दुसऱ्या खेपेला पुन्हा वर.

"नाना, उतरा ना आते," संजू काकुळतीला आला. "लोके हासतस."

"कसा उतरू? पोर सासरी जास तवय कोनी तिनासंगे जास का नही? हाई गावनी रेती शे. तिले एकटी कशी धाडू?"

असे तो रोज करू लागला. वाटभर बोले. संजूच्या लग्नाचे, संजूच्या बापाचे, बापाने कोणत्या वर्षी कोणत्या थांब्यावर कोणाशी भांडण केले, त्याचे. शेवटी एका बांधकामाच्या मालकाने विचारले, हे म्हातारबाबा कोण? नानाने उलट त्यालाच विचारले, तुम्ही कोन गावना, आजोळ कोठे, आत्या कोठे दिली? आत्या आमच्याच गावात दिलेली निघाली. तशी ती कोणाची तरी कुठेतरी निघतेच. खानदेशात तीन प्रश्नांपलीकडे परका माणूस उरत नाही.

"मंग हाई रेती तुमना आत्याना दारनी शे," नाना म्हणाला. "आत्याना उंबरा खंदीसन भिंत बांधी ऱ्हायनात का?"

मालकाने पुढची ट्रॉली घेतली नाही. पाहुण्यांत बोभाटा नको, एवढेच त्याचे कारण असावे. पण ही गोष्ट साक्रीभर झाली आणि आमच्या काठाची रेती घ्यायला लोक कचरू लागले. संजूने ट्रॅक्टर उसाच्या वाहतुकीला लावला. रेतीउपशाविरुद्ध मी तीन अर्ज केले होते. तिन्ही अर्जांची भाषा निर्दोष होती.

त्या पावसाळ्यात नानाने काठावर झाडे लावली. कोणती, तर जी फुकट मिळाली ती. गुलमोहर आणि शोभेचा अशोक. मी तेथेच उभा होतो. मी म्हणालो, "गुलमोहराचे मूळ उथळ असते. पुरात तो काठ धरून ठेवणार नाही, काठ घेऊन जाईल." ऐकायला तो एकटाच मोकळा होता, बाकीचे खड्डे खणत होते. त्यात बायका होत्या, शाळामास्तर होते, संजू होता आणि माझी पत्नीही होती. ती सून म्हणून या घरात आल्यापासून नदीवर फक्त कपडे धुवायला गेली होती. माझी कामे पाहायला मी तिला कधी नेले नव्हते, तिनेही कधी म्हटले नव्हते. संध्याकाळी ती चिखलाने माखून घरी आली. मी विचारले, तू कशी गेलीस?

"नानानी बलावं."

"कोणीही बोलावले की जायचे?"

ती हात धुता धुता म्हणाली, "तुमनी माले कधी बलावं का?"



निम्मी झाडे श्रावणातल्या पाण्यात गेली. उरलेली उन्हाळ्यात वाळली. मी म्हटले होते तसेच झाले, अगदी त्याच क्रमाने. मला वाटले, आता लोक त्याला विचारतील. गावची बैठक मारुतीच्या पारावर भरली. मी उभा राहून काठाचा उतार, मुळांची खोली, प्रवाहाचा कोन, असे सगळे क्रमाने मांडले. कोणती वनस्पती कोठे लावावी तेही सांगितले: पाण्याच्या कडेला वाळा, त्याच्या वर निर्गुडी, त्याच्या वर बांबू आणि करंज. बोलणे संपले तेव्हा पुढच्या रांगेत दोघे पेंगत होते. नाना नेहमीप्रमाणे उशिरा आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला:

"साहेब बठ्ठं बरोबर सांगस. इतलं बरोबर शे, का लोके निजी गयात."

हशा पिकला. पेंगणारे जागे झाले आणि तेही हसले.

"मनं चुकनं," तो पुढे म्हणाला. "मी गुलमोहर लावा, नदी लई गई. नदीले फुलं आवडतस, काय करू?" पुन्हा हशा. माणूस चूक कबूल करतो आणि त्याच वाक्यात टाळ्या घेतो, हे मी प्रथमच पाहत होतो. मी चाळीस वर्षांत हिशेबात चुकलो नाही. माझ्यावर हा प्रसंगच आला नाही.

मग तो गंभीर झाला. "पन उन्हाळामा झाडं मरनात ती काय नदीमुळे नही मरनात. पानी नही मियनं म्हनीसन मरनात. नदीना काठवर, पाटना काठवर, तहानखाल मरनात. आपुनले लाज वाटाले जोयजे."

कोणीतरी मागून विचारले, "मंग काय नदीले नदीनंच पानी देवानं का, नाना?"

"तुनं लगीन तुना बापना पैसानंच व्हयनं ना? मंग नवरदेव कोन व्हता, तू का तुना बाप?"

पार दणाणला. हसणे ओसरेपर्यंत तो थांबला. बस सुटण्याआधी कंडक्टर दाराशी थांबतो तसा.

"माले एक सांगा," तो म्हणाला. "पाटनं पानी कोनं शे? नदीनं. बारी कोनी शे? बठ्ठासनी. मनी शे, तुनी शे, भिकानी शे. ज्यानं पानी शे त्यालेच बारी नही, हाई कोनता न्याय? काठले बारीदार करा. फडमा जशी तुमनी पट्टी, तशी नदीनी पट्टी. आन पहिली बारी तिनी."

पहिली बारी कोणाची आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. कोणी माझ्याकडे पाहिले नाही. ते पाहण्यापेक्षा अधिक होते.

मी म्हणालो, "पाण्याचा हक्क फडातील जमिनीला असतो. काठ फडात नाही. हे नियमात बसत नाही."

"बसत नही ते उभं ऱ्हाऊ दे," नाना म्हणाला. "एसटीमा निम्मा लोके उभाच जातस. पोचतस बठ्ठा."

या वेळी मीच एकटा हसलो नाही. मी उत्तर जुळवीत होतो. पहिली बारी काठाला दिली तर, इतरांचा क्रम हलवता येत नसल्याने, आमच्या पट्टीला पाणी फेऱ्याच्या शेवटी मिळणार, चैत्रानंतर शेवटाला काही उरत नाही, आणि क्रम एकदा मोडला की दुसरा उद्या तो आपल्या सोयीने मोडेल, असे तीन मुद्दे माझ्याकडे होते. तिन्ही आजही मला योग्य वाटतात. मी पहिल्या मुद्द्याला तोंड उघडणार, तोच बायकांमधून आवाज आला.

"दिधी. आमनी बारी दिधी."

माझ्या पत्नीचा आवाज मी सभेत प्रथमच ऐकला.

भिका पाटकरी, म्हणजे पाट सोडणारा, बांधणारा आमचा माणूस, त्याने मान डोलावली. पाटकऱ्याने मान डोलावली की फडात गोष्ट ठरते. नाना माझ्याकडे वळला. आभार वगैरे काही नाही. म्हणाला, "इंजिनेर, तो वाळा कोठे मियस?"

दुसऱ्या दिवसापासून तो गावभर सांगत हिंडू लागला, "मी म्हनस, पान्याना काठले वाळा लावा. त्यान्हा वर निर्गुडी. त्यान्हा वर बांबू." माझीच यादी, माझ्याच क्रमाने. 'साहेबांनी सांगितले' हे शब्द त्यातून पहिल्याच दिवशी गळाले. त्याने ते मुद्दाम गाळले असे मी म्हणणार नाही. त्याच्या तोंडात गेलेली गोष्ट त्याची होऊन बाहेर पडे, इतकेच. त्या वर्षी माझ्याच घरी जेवताना मला ऐकवण्यात आले, की नाना म्हणतात वाळ्याचे मूळ सरळ खाली जाते.

त्यानंतर दर फेऱ्याला पहिले पाणी काठाला जाऊ लागले. नारळ भिका फोडू लागला. बायका आळीपाळीने काठाच्या चारीवर पाणी धरीत. त्यांना बोलावणारा आवाज एकच होता आणि तो अजूनही तेच खोटे बोलत होता. उन्हाळ्यात वाळा हिरवा राहिला. करंज दुसऱ्या वर्षी माणसाच्या खांद्याला लागले.

बाहेरचे लोक पाहायला येऊ लागले. धुळ्याहून महाविद्यालयाची मुले आली, हवामानबदलाचा अभ्यास करायला. प्राध्यापकांनी मला आधी कळवले होते. मी पावसाच्या नोंदी, आलेख, पुराची पातळी, सारे मांडून ठेवले होते. मुले नम्रपणे ऐकत होती. तेवढ्यात नाना आला आणि माझ्या आलेखावर बोट ठेवून म्हणाला:

"आयका रे पोऱ्यासहोन. पहिले पाऊस टाइमवर येये. आखाडमा येक गाडी, श्रावणमा येक, भादवामा येक. बठ्ठासले जागा मिये. आते टाइमटेबल बिघडनं. दोन महिना गाडीच नही, आन मंग तीन गाड्या येकामांगे येक, बठ्ठा पासिंजर येकदम आपला दारमा उतरतस. दार तुटी नही ते काय व्हई?"

मुलांनी ते लिहून घेतले. प्राध्यापकांनीही. नंतर त्याच नानाने त्यांना वाळ्याचे मूळ पार पाताळापर्यंत जाते असे सांगितले आणि निर्गुडीला भलतेच नाव दिले. मी दुरुस्ती केली, ती कोणी लिहिली नाही. वर्तमानपत्रात बातमी आली. नानाचे छायाचित्र होते. त्यात डाव्या बाजूला एक खांदा दिसतो. तो माझा आहे.

गाड्यांची ती उपमा मला आजही सोडत नाही. ती अचूक नाही. पण मी आयुष्यभर जे सांगत आलो, ते त्याने बसथांब्यावर उभे राहून सांगून टाकले आणि ते लोकांच्या तोंडी राहिले. माझे एकही वाक्य कोणाच्या तोंडी राहिलेले नाही.

त्याच्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो पाण्याला भीत असे. पोहता येत नव्हते, हे तर होतेच. पण गुडघाभर पाण्यातही तो उतरत नसे. इतकी वर्षे काठाचे काम चालले, सगळे वरून ओरडून. मला हे मोठ्या पुराच्या वेळी कळले. पावसाळा सरला असे वाटत असताना दोन दिवस आभाळ फाटल्यासारखे झाले आणि तिसऱ्या सकाळी पांझरा पाटाला येऊन भिडली. सारे गाव काठावर होते. पाण्याखाली वाळा एका दिशेला आडवा झाला होता, तेल लावून विंचरलेल्या केसांसारखा, आणि त्याच्याखालची माती जागची हलत नव्हती. त्याच वेळी खालच्या अंगाला, जेथे काठालगतच्या जमीनमालकाने झाडे लावू दिली नव्हती, तेथे काठ घराएवढ्या तुकड्यांनी कोसळत होता. एक जुनी बाभूळ उभीच्या उभी नदीत चालती झाली. पाट मात्र राहिला. आमचे फड राहिले. लोक ओरडत होते, एकमेकांना धरून नाचत होते. मी नानाला शोधले. तो देवळाच्या भिंतीमागे पाठ लावून बसला होता. चेहरा पांढरा पडला होता.

"गया का?" त्याने विचारले.

"काय?"

"पाट."

"नाही. राहिला."

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "पानीनं माले लई भ्याव वाटस, भो. कोनले सांगू नको."

मी कोणाला सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती. पुढे कळले की गावातल्या लहान मुलांनाही ते ठाऊक होते, आणि त्यामुळे त्यांना तो अधिकच आवडत असे. मी पाण्याला भीत नाही. भर पुरात बंधाऱ्यावर उभे राहून मी मोजमापे घेतलेली आहेत. ते कोणाला ठाऊक आहे, असे वाटत नाही.

पुरानंतर खालच्या जमीनमालकाने आपण होऊन हात जोडले. त्याच्या तुकड्यावरही वाळा आणि करंज लागले.

नानाचा आवाज गेला तो त्याच्या पुढच्या वर्षी. पक्षाघाताने उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. उपचार धुळ्याला झाले. हात थोडा परतला, पाय थोडा परतला, शब्द परतले नाहीत. मी पाहायला गेलो होतो. तो खाटेवर बसून दाराबाहेरच्या रस्त्याकडे पाहत होता. मला पाहून त्याने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. मला कळले नाही. माझ्या पत्नीला कळले. तिने त्याच्या सुनेला चहा टाकायला सांगितले.

मी त्याला शेवटचे पाहिले ते फडाच्या बैठकीला. पुढे डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी जळगावला मुलाकडे गेलो आणि परत येण्याआधी तो गेला. म्हणून ही शेवटची भेट.

त्या वर्षी पाऊस नाहीच म्हणावा असा झाला होता. बंधाऱ्यात पाणी जेमतेम. एका फडाखेरीज बाकी सारे फड कोरडे ठेवायचे, हे आधीच ठरले होते. हंगामाचे पहिले पाणी सोडायला माणसे पाटाच्या तोंडाशी, पाणी अडवणाऱ्या फळीजवळ जमली होती. फावडी हातात होती. नानाच्या मुलाने त्याला रिक्षातून आणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवले होते. त्याच्या खांद्यावर टॉवेल होता आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली की मुलगा ती पुसत होता.

भिका फळीजवळ उभा राहून माझ्याकडे वळला. "साहेब, यंदा काय करानं? काठले पानी दिधं ते फडले पुरनार नही."

"झाडं आते मोठी व्हई गयात," कोणी म्हणाले. "येक वरीस नही दिधं ते काय मरतस?"

"बारी साहेबनीच व्हती," दुसरा म्हणाला. "साहेबनी ती परत लेवानी."

वरच्या अंगाची झाडे मेली नसती, हे खरे होते. पण खालच्या तुकड्यावरचा वाळा नवा होता, करंज मनगटाएवढेही नव्हते. ते त्या उन्हाळ्यात वाळले असते आणि पुढच्या पुराने काठ तेथूनच धरला असता. हे मला दिसत होते. दुसऱ्या कोणाला दिसत होते की नाही, ठाऊक नाही. आणि हेही दिसत होते, की या वेळी मध्ये बोलायला माझी पत्नी तेथे नव्हती, आणि नानाला बोलता येत नव्हते. निर्णय माझा एकट्याचा होता. इतक्या वर्षांत प्रथमच माझा होता.

मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, "पहिली बारी काठाची. आमची पट्टी यंदा कोरडी राहील."

कोणी हलले नाही.

भिकाचा हात फळीवर होता. त्याने माझ्यावरून नजर काढली आणि खुर्चीकडे पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले. फावडी धरलेल्यांनी, बांधावर बसलेल्यांनी, संजूने. नानाचे डोळे आधी पाटावर होते. ते हळूहळू वर आले आणि माझ्यावर थांबले. त्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर काय होते, ते मी सांगू शकत नाही. मग त्याची मान एकदा खाली गेली आणि वर आली.

भिकाने फळी उचलली.

सांगितले मी होते. गाव त्याच्या मानेची वाट पाहत होते.